चार-सहा माणसांचे थँक्सगिव्हिंग: वार, स्वयंपाक आणि दिवसाची आखणी

अमेरिकेतील थँक्सगिव्हिंगच्या पाककृती, मासिकांतील चित्रे आणि दुकानांतील जाहिराती पाहिल्या, तर हा सण पंधरा-वीस माणसांचा, वीस पौंडांच्या टर्कीचा आणि दोन ओव्हन असलेल्या स्वयंपाकघराचाच आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात तिथल्या कितीतरी मराठी घरांत त्या दिवशी चार ते सहा माणसे असतात: नवरा-बायको, एक-दोन मुले, भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा आणि कधी विद्यापीठाला सुट्टी लागल्यामुळे जेवायला बोलावलेला एखादा भाचा किंवा मैत्रिणीची मुलगी. एवढ्या माणसांसाठी मोठ्या मेजवानीची यादी घेऊन प्रत्येक प्रमाण तिसऱ्या हिश्शावर आणले, तरी कष्ट तिसऱ्या हिश्शावर येत नाहीत, कारण दोन पौंड बटाटे उकडून कुस्करायला आणि सहा पौंड बटाटे उकडून कुस्करायला भांडी तितकीच लागतात आणि वेळही जवळपास तितकाच जातो. म्हणून लहान थँक्सगिव्हिंग मुळापासून लहान म्हणूनच आखावे. पदार्थ मोजके ठेवावेत, जेवणाची वेळ आधी ठरवून कामे तिथून मागे मोजत यावीत, आणि स्वयंपाक करणारी व्यक्तीही सगळ्यांबरोबर जेवायला बसेल याची तजवीज पहिल्यापासून करावी.

वार आणि वेळ आधी ठरवावी

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येते, त्यामुळे तारीख २२ ते २८ यांपैकी कोणतीही असू शकते. २०२६ मध्ये ती २६ नोव्हेंबर आहे आणि २०२७ मध्ये २५ नोव्हेंबर. मराठी घरात पहिला प्रश्न या गुरुवारचाच असतो. दत्ताचा, साईबाबांचा किंवा स्वामींचा वार म्हणून अनेक घरांत गुरुवारी मांसाहार होत नाही, आणि आई किंवा सासूबाई घरी असतील तर तो नियम परदेशातही पाळला जातो. त्यात काही वर्षी मार्गशीर्षही लवकर सुरू होतो. २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरचे थँक्सगिव्हिंग मार्गशीर्षातील पहिल्याच गुरुवारी आले, म्हणजे ज्या घरांत महालक्ष्मीचे व्रत असते तिथे घट मांडण्याचा, कहाणी वाचण्याचा आणि दिवसभराच्या उपवासाचाही तोच दिवस होता. २०२६ मध्ये अधिक मास असल्याने २६ नोव्हेंबर कार्तिकातच राहतो, त्यामुळे व्रताचा प्रश्न येत नाही, पण वाराचा राहतोच.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, गुरुवारचे संपूर्ण जेवण शाकाहारी करणे. दुसरा, गुरुवारी शाकाहारी जेवण आणि शुक्रवारी टर्की. बहुतेक शाळांना आणि बऱ्याच कार्यालयांना शुक्रवारीही सुट्टी असल्यामुळे हा मार्ग सोयीचा आहे, दोन दिवसांत काम विभागले जाते, आणि माझ्या मते वार पाळणाऱ्या घरासाठी हाच सर्वांत चांगला आहे. तिसरा, एकाच टेबलावर दोन्ही प्रकार ठेवणे, पण हा घरातील वडीलधाऱ्यांनी मनापासून संमती दिली असेल तरच स्वीकारावा. हे बोलणे दिवाळीचा फराळ संपता संपता करून घ्यावे. बुधवारी रात्री टर्की फ्रिजमध्ये असताना हा विषय निघाला, तर कोणाला तरी मन मारावे लागते.

वारापाठोपाठ वेळ ठरवावी. अमेरिकी घरांत हे जेवण साधारण दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान होते. नोव्हेंबरच्या शेवटी बॉस्टनला सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो आणि न्यू जर्सीत साडेचारच्या सुमारास, त्यामुळे साडेतीनला बसले तर उजेडात जेवण सुरू होते आणि लहान मुले पेंगण्याआधी संपते. घरात कोणाचा उपवास असेल तर वेळ सरळ सहा-साडेसहावर न्यावी, म्हणजे पूजा आणि नैवेद्य झाल्यावर सगळे एकत्र बसू शकतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे आजी-आजोबा असतील तर अवेळी जेवणाचा त्यांना त्रास होऊ शकतो. त्यांच्या औषधाची वेळ विचारून मग जेवणाची वेळ ठरवावी आणि सकाळी नऊच्या सुमारास पोहे किंवा उपमा असा भरीव नाश्ता द्यावा.

पानात काय असावे

घरातील प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: कोणता पदार्थ नसला तर तुला थँक्सगिव्हिंग झाल्यासारखे वाटणार नाही? पाच माणसांची उत्तरे मिळून चार-पाच पदार्थ निघतात, आणि यादी तिथेच जवळजवळ पूर्ण होते. अमेरिकेतील शाळेत जाणाऱ्या मुलांच्या यादीत कुस्करलेले बटाटे, ग्रेव्ही आणि भोपळ्याची पाई हमखास असते, कारण सोमवारी वर्गात त्याच गोष्टी निघतात. आजोबांना कदाचित वरणभात हवा असेल, आणि तोही टेबलावर बिनदिक्कत ठेवावा.

पाच माणसांसाठी मला योग्य वाटणारी रचना अशी: एक मुख्य पदार्थ, घरात दोन्ही प्रकारचे खाणारे असतील तर एक शाकाहारी मुख्य पदार्थ, बटाटे आणि ग्रेव्ही, एक हिरवी भाजी, क्रॅनबेरी या आंबट लाल फळांचा एक प्रकार, एक गोड. पावाचे रोल विकत आणावेत. याहून जास्त काही करू नये. हिरव्या भाजीसाठी अमेरिकी घरांत ग्रीन बीन कॅसरोल करतात. फरसबी, मशरूमचे डबाबंद सूप आणि वरून तळलेला कांदा असा तो पदार्थ कॅम्पबेल कंपनीच्या न्यू जर्सीतील कॅम्डन येथील स्वयंपाकघरात १९५५ मध्ये डॉर्कस रायली यांनी तयार केला, म्हणजे परंपरा मानली जाणारी ही गोष्टही कोणाच्या तरी आजीच्या वयाचीच आहे. तेव्हा त्याच फरसबीची ओले खोबरे घालून केलेली आपली भाजी टेबलावर ठेवायला कसलाच संकोच नको. ती चुलीवर होते आणि ओव्हनमधील जागा वाचवते, हा तिचा मोठा फायदा आहे.

टर्की: किती, कोणती आणि कशी

पूर्ण टर्की घ्यायची तर दर माणशी एक पौंड असा हिशेब धरतात, पण दहा पौंडांहून लहान टर्की दुकानात मिळणे कठीण असते. पाच माणसांसाठी हाडासकट टर्कीची छाती, म्हणजे साधारण पाच पौंडांचा टर्की ब्रेस्ट, हा माझ्या मते उत्तम पर्याय आहे. ती लवकर वितळते, दोन तासांच्या आसपास भाजून होते, कापायला सोपी असते आणि आठवडाभर तेच मांस खाण्याची वेळ येत नाही. चारच माणसे असतील तर दोन-तीन कॉर्निश हेन (लहान आकाराच्या कोंबड्या) किंवा एक मोठी कोंबडीही पुरते, आणि भारतातून आलेल्या माणसांना टर्कीपेक्षा कोंबडीची चव ओळखीची वाटते.

गोठलेली टर्की फ्रिजमध्ये वितळवताना दर चार-पाच पौंडांना चोवीस तास लागतात. पाच पौंडांची छाती सोमवारी संध्याकाळी फ्रीजरमधून काढून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवावी, म्हणजे तिचे पाणी खालच्या भाज्यांवर गळत नाही. बुधवारपर्यंत ती तयार होते. जेवण शुक्रवारी असेल तर हे सगळे एक दिवस पुढे सरकवावे, कारण वितळलेली टर्की फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच चांगली राहते. सोमवारी काढायची राहिली तर घट्ट बंद पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवावी, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि पौंडामागे अर्धा तास धरावा, म्हणजे पाच पौंडांना अडीच तास. अशी वितळवलेली टर्की लगेच शिजवावी लागते. रात्रभर ओट्यावर ठेवून वितळवणे धोक्याचे आहे, कारण आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरच्या भागात जिवाणू वाढू लागतात. त्याच कारणाने कच्ची टर्की नळाखाली धुऊ नये. भारतात मांस धुण्याची सवय असते, पण उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू सिंक, ओटा आणि शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीपर्यंत पोहोचतात. कागदी रुमालाने टिपून घेणे पुरेसे आहे.

बुधवारी मीठ लावावे. दर पौंडाला सुमारे अर्धा टीस्पून कोशर मीठ (जाड दाण्याचे मीठ) सगळीकडून चोळून टर्की उघडीच फ्रिजमध्ये ठेवली की मीठ आत मुरते आणि कातडी कोरडी होऊन भाजताना कुरकुरीत होते. मात्र त्याआधी वेष्टनावरील मजकूर वाचावा, कारण बऱ्याच टर्कींत आधीच मिठाचे पाणी भरलेले असते आणि तसे लिहिलेले असते. अशा टर्कीला पुन्हा मीठ लावले तर ग्रेव्ही तोंडात घालवत नाही. मसाला आपला लावावा की अमेरिकी, हा घरच्या आवडीचा प्रश्न आहे. मऊ लोण्यात आले-लसूण, थोडी हळद, तिखट आणि किंचित गरम मसाला कालवून तो कातडीच्या खाली सारला, तर टर्कीची मूळची सौम्य चव खुलते आणि वरची कातडी मसाला जळून काळी पडत नाही.

भाजण्यासाठी ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटवर तापवावा, त्याखाली जाऊ नये. चार ते सहा पौंडांच्या छातीला या तापमानात दीड ते सव्वादोन तास लागतात. पण घड्याळावर विसंबू नये, मांसाचा थर्मामीटर घ्यावा. तो सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा आणि १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस दिसल्यावरच टर्की बाहेर काढावी. छाती कोरडी पडण्याचे मुख्य कारण भीतीपोटी जास्त वेळ भाजत राहणे हेच असते, आणि थर्मामीटर ती भीती काढून टाकतो. बाहेर काढल्यावर वरून सैल फॉइल टाकून वीस मिनिटे ठेवावी आणि मगच कापावी.

शाकाहारी पान

अमेरिकी टेबलावरील बऱ्याच पदार्थांत मांस दिसत नाही, पण असते. त्यामुळे घरातील शाकाहारी माणसांसाठी लेबल वाचण्याचे काम काळजीपूर्वक करावे लागते. रताळ्यांवर घालतात त्या मार्शमेलोमध्ये प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले जिलेटिन असते. स्टफिंगच्या, म्हणजे पावाच्या तुकड्यांच्या मसालेदार सारणाच्या, डब्यातील मिश्रणात अनेकदा कोंबडीचा अंश असतो, ग्रेव्हीच्या पाकिटांत तर बहुधा असतोच. तयार पाईच्या काही पाऱ्यांत डुकराची चरबी वापरलेली असते. वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात. आजींना न सांगता यातले काही वाढले गेले आणि नंतर कळले, तर त्यांच्या मनाला जी टोचणी लागते ती कोणत्याही माफीने जात नाही. म्हणून ग्रेव्ही दोन भांड्यांत करण्यापेक्षा एकच शाकाहारी ग्रेव्ही सर्वांसाठी करावी असे माझे स्पष्ट मत आहे. तीन टेबलस्पून लोण्यात बारीक चिरलेला कांदा आणि मशरूम चांगले तांबूस होईपर्यंत परतावे, तीन टेबलस्पून मैदा घालून मंद आचेवर भाजावा, मग दोन कप भाज्यांचा गरम स्टॉक थोडा थोडा घालत ढवळावे आणि मिरपूड घालून दाट होऊ द्यावे. टर्की खाणाऱ्यांनाही ही ग्रेव्ही आवडते. ती बुधवारी करून ठेवता येते, हेही महत्त्वाचे.

मुख्य पदार्थासाठी एकॉर्न स्क्वॉश हा लहान भोपळा घ्यावा. एका भोपळ्याचे दोन अर्धे होतात आणि एका माणसाला एक अर्धा पुरतो. बिया काढून, आतून तेल आणि मीठ लावून तो ४०० अंशांवर पालथा ठेवून साधारण चाळीस मिनिटे भाजावा, सुरी सहज आत गेली की झाला. सारणासाठी शेंगदाण्यांचे कूट, भाजलेले तीळ, सुके खोबरे, गोडा मसाला, चिंच-गूळ आणि थोडा मोकळा भात असे भरल्या वांग्याच्या वळणाचे मिश्रण करावे. भोपळ्याच्या गोडसर गराला ते फार छान लागते. पाहुण्यांपैकी कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे आमंत्रण देतानाच विचारून घ्यावे. वाढण्यासाठी डाव आणि चिमटे वेगळे ठेवावेत, आणि शाकाहारी पदार्थ टेबलाच्या एका टोकाला एकत्र मांडावेत.

बटाटे, क्रॅनबेरी आणि भोपळा

बटाटे दर माणशी अर्धा पौंड घ्यावेत, रसेट किंवा युकॉन गोल्ड जातीचे. सोलून, सारख्या आकाराचे तुकडे करून गार मिठाच्या पाण्यात घालावेत आणि मग गॅस लावावा. पंधरा-वीस मिनिटांत ते शिजतात. पाणी पूर्ण निथळून, भांडे पुन्हा मंद आचेवर मिनिटभर धरून कोरडे करावेत आणि गरम दूध, लोणी घालून हाताने कुस्करावेत. मिक्सरमध्ये घातले तर त्यांतील पिष्ठ मोकळे होऊन चिकट लगदा होतो.

क्रॅनबेरी बारा औंसांच्या पिशवीत मिळतात. एक कप पाणी आणि एक कप साखर उकळून त्यात फळे घालावीत. दहा मिनिटांत ती फुटतात आणि गार झाल्यावर फळांतील पेक्टिनमुळे सॉस आपोआप घट्ट होतो. याच क्रॅनबेरीचे लोणचे आता अमेरिकेतील अनेक भारतीय घरांत होते. तेलात मोहरी, हिंग आणि मेथीची पूड यांची फोडणी, त्यात फळे, मीठ, तिखट आणि गूळ घालून नरम होईपर्यंत शिजवले की आंबट-तिखट मेथांब्यासारखा प्रकार तयार होतो. दोन पिशव्या आणून दोन्ही करावेत, कष्ट अर्ध्या तासाचे आहेत आणि दोन्ही रविवारी करून ठेवले तरी चालतात.

गोडासाठी भोपळ्याची पाई बुधवारी भाजून फ्रिजमध्ये ठेवावी, कारण तिच्यात अंडी आणि दूध असते. अंडे न खाणाऱ्यांसाठी भोपळ्याचे घारगे करावेत, म्हणजे एकाच भोपळ्याच्या दोन रूपांनी दोन्ही पिढ्यांचे गोड होते. डबा घेताना नुसत्या भोपळ्याचा गर घ्यावा. शेजारीच तशाच दिसणाऱ्या डब्यांत पाईचे तयार सारण असते आणि त्यात साखर-मसाले आधीच घातलेले असतात. पंधरा औंसांचा गर कढईत आटवून घ्यावा. त्यात एक कप चिरलेला गूळ विरघळवून गार करावा, मग मीठ, वेलदोडा, दोन टेबलस्पून तांदळाची पिठी, थोडे गरम तेलाचे मोहन आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट भिजवावे. जाडसर पुऱ्या थापून मध्यम आचेवर तळाव्यात. घारगे दोन दिवस सहज टिकतात.

रविवार ते बुधवार

खरेदी आदल्या शनिवार-रविवारी पूर्ण करावी. मंगळवार-बुधवारी दुकानांत आणि रस्त्यांवर तोबा गर्दी असते, आणि गुरुवारी वॉलमार्ट, टार्गेट, कॉस्टको, ट्रेडर जोज ही दुकाने बंद असतात. भारतीय किराणा दुकान उघडे असेल असे गृहीत धरू नये, आधी फोन करावा. थर्मामीटर, फॉइल, खोलगट भाजण्याचा ट्रे आणि उरलेले भरायला झाकणाचे डबे घरात आहेत का, हेही रविवारीच पाहावे.

रविवारी क्रॅनबेरी. सोमवारी टर्की फ्रिजमध्ये आणि फ्रिजची साफसफाई. मंगळवारी स्टफिंग करायचे असेल तर पावाचे तुकडे ताटात पसरून वाळत ठेवावेत. पाचजणांना अर्धा पाव, एक मोठा कांदा, सेलरीचे दोन-तीन दांडे, लोणी, सेज हा सुगंधी पाला आणि सव्वा कप भाज्यांचा स्टॉक एवढे पुरते. ते टर्कीच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजावे, म्हणजे सुरक्षितही राहते आणि शाकाहारी माणसांनाही खाता येते. बुधवारी पाई, घारगे, ग्रेव्ही, टर्कीला मीठ, भाज्यांची चिराचीर आणि टेबलाची मांडणी. चिराचिरीला सगळ्यांना बसवावे. आजोबांना फरसबी निवडायला आणि मुलांना बटाटे सोलायला दिले की गप्पा आपोआप सुरू होतात, आणि घरातली जी माणसे एरवी वेगवेगळ्या खोल्यांत असतात ती दोन तास एका जागी सापडतात.

गुरुवारचा दिवस

साडेतीनच्या जेवणासाठी दिवस असा चालतो. सकाळी भारतात व्हिडिओ कॉल करावा. नोव्हेंबरात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, आणि पश्चिम किनाऱ्यावर साडेसात वाजतात तेव्हा रात्रीचे नऊ. नाश्ता होईपर्यंत टीव्हीवर न्यूयॉर्कमधील मेसीज या मोठ्या दुकानाची परेड लावता येते. ती १९२४ पासून निघते आणि तिच्यातील प्रचंड फुगे आजी-आजोबांनाही आवडतात. दुपारी अमेरिकी फुटबॉलचे सामने असतात. डेट्रॉइट लायन्सचा थँक्सगिव्हिंगचा सामना १९३४ पासून ठरलेला आहे आणि डॅलस काउबॉइजचा १९६६ पासून. त्यांचे वेळापत्रक पाहून जेवणाची वेळ ठरवली तर घरातील तरुण मंडळी टेबलावर मन लावून बसतात.

भोपळे सकाळी साडेअकरापूर्वी भाजून, भरून बाजूला ठेवावेत. बारा वाजता टर्की फ्रिजबाहेर काढावी आणि साडेबाराला ओव्हनमध्ये घालावी. दोनपासून थर्मामीटर लावून पाहावे. सव्वादोनला बटाटे चढवावेत. साधारण अडीचला टर्की बाहेर येते. तिच्या विश्रांतीच्या वेळात ओव्हन ३७५ अंशांवर नेऊन स्टफिंग आणि भरलेले भोपळे आत सारावेत. एकाच ओव्हनमध्ये सगळे बसवण्याचे गमक हेच आहे. तेवढ्यात फरसबी फोडणीला टाकावी, ग्रेव्ही गरम करावी, बटाटे कुस्करावेत. सव्वातीनला टर्की कापावी, पाव कोमट करावा आणि साडेतीनला बसावे. टर्कीला उशीर झाला तर घाई करू नये. पाव, क्रॅनबेरी आणि भाजी आधी वाढून जेवण सुरू करता येते. अपार्टमेंटमध्ये ओव्हन तापताना एक्झॉस्ट पंखा लावून एखादी खिडकी किंचित उघडी ठेवावी, म्हणजे धुराचा अलार्म वाजत नाही.

टेबलावरचे बोलणे

कृतज्ञता व्यक्त करण्याची फेरी हा या जेवणाचा गाभा आहे, आणि मराठी माणसाला ती थोडी अवघड जाते, कारण घरच्या माणसांसमोर तोंडावर आभार मानायची आपली रीत नाही. वडीलधाऱ्यांना 'तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात' असे विचारले तर ते 'सगळे देवाच्या कृपेने' म्हणून थांबतात. त्यापेक्षा नेमका प्रश्न विचारावा: तुमच्या पहिल्या नोकरीत तुम्हाला कोणी सांभाळून घेतले? लग्नानंतर त्या घरात सर्वांत आधी तुमच्या बाजूने कोण उभे राहिले? मुलांनी हे प्रश्न आजीला विचारावेत, आणि आजीची परवानगी असेल तर उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करावे. लहान टेबलाचा खरा लाभ इथे आहे, कारण पाच माणसांत प्रत्येकाला पुरेसा वेळ बोलता येते आणि बाकीचे ऐकतात. फेरी जेवणाआधी न करता मध्यावर करावी, नाहीतर बटाटे गार होतात आणि बोलणाऱ्यावर दडपण येते. जेवणाआधी घरात श्लोक म्हणायची पद्धत असेल तर तो जरूर म्हणावा.

मुले इतिहास विचारतात, तेव्हा तो प्रामाणिकपणे सांगावा. १६२१ च्या शरदात मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे पन्नासच्या आसपास इंग्रज वसाहतकरी आणि मॅसासॉइट या प्रमुखाबरोबर आलेले तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग जमातीचे सुमारे नव्वद पुरुष तीन दिवस एकत्र जेवले, आणि वाम्पानोआगांनी पाच हरणे आणली, असे एडवर्ड विन्स्लो याच्या त्या काळातील पत्रात आहे. पण त्याआधी काही वर्षे साथीच्या रोगांनी त्या किनाऱ्यावरील गावेच्या गावे ओस पडली होती. वसाहतकऱ्यांना मका पेरायला शिकवणारा टिस्क्वांटम याला त्याआधी, १६१४ मध्ये, एका इंग्रज कप्तानाने पकडून गुलाम म्हणून विकायला नेले होते, आणि तो परतला तेव्हा त्याचे पटक्सेट हे गाव उरले नव्हते. प्लिमथ त्याच जागी वसले. १६७५ मध्ये दोन्ही समाजांत भीषण युद्ध पेटले. राष्ट्रीय सण म्हणून थँक्सगिव्हिंग पुढे मासिकाच्या संपादिका सारा जोसेफा हेल यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर अब्राहम लिंकन यांच्या १८६३ च्या जाहीरनाम्याने रुजले, आणि चौथा गुरुवार १९४१ च्या कायद्याने पक्का झाला. १९७० पासून प्लिमथमध्ये याच दिवशी मूळ रहिवासी राष्ट्रीय शोकदिन पाळतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे सगळे समजते. ज्या भूमीवर आपण राहतो तिच्यावर आधी कोण राहत होते हे जाणूनच तिथे आभार मानावेत, असे मला फार मनापासून वाटते, आणि ही गोष्ट घरातील मोठ्यांनी सांगितली तर ती मुलांच्या लक्षात राहते.

उरलेले अन्न

जेवण संपल्यावर लगेच पांगू नये. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचे नसते, म्हणून साडेपाचच्या आत सगळे डब्यांत भरून फ्रिजमध्ये गेले पाहिजे. टर्की हाडापासून सोडवून, उथळ डब्यांत भरावी, म्हणजे लवकर गार होते. बोलावलेल्या विद्यार्थ्याला डबा भरून द्यावा, त्याच्यासाठी तो पुढचे दोन दिवस असतो. ज्यांनी स्वयंपाक केला त्यांनी भांड्यांना हात लावू नये, एवढा नियम त्या दिवशी पाळावा.

फ्रिजमधील टर्की तीन-चार दिवसांत संपवावी. शुक्रवारी तिचा पुलाव होतो, कांदा-टोमॅटोचा रस्सा करून त्यात घातली तर भाकरीबरोबर चांगली लागते, आणि वार पाळणाऱ्यांच्या घरात नेमका याच दिवसासाठी तो बेत राखून ठेवता येतो. उरलेल्या कुस्करलेल्या बटाट्यांत हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू घालून वर मोहरी-हळदीची फोडणी दिली, की लोणी-दुधामुळे ते नेहमीच्या भाजीपेक्षा मऊ असले तरी ब्रेडमध्ये घालून टोस्ट करायला उत्तम होतात. हाडे मोठ्या भांड्यात कांदा, गाजर आणि मिरे घालून दोन-तीन तास मंद उकळावीत, गाळावीत आणि तो स्टॉक गार झाल्यावर डब्यांत भरून, वर तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवावा. उरलेली टर्कीही सोमवारनंतर फ्रिजमध्ये न ठेवता त्याआधीच गोठवून टाकावी.